सातपाटीची जाळी आणि दीड लाखांचा कॅमेरा

"काका, खरं सांगा, घेऊ का हा?" असं विचारत शेजारची मुलगी जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या बोईसरच्या घरी आली, तेव्हा तिच्या गळ्यात फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय होता. कॅमेरा तिचा नव्हता. पालघरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने दोन दिवस वापरून बघायला दिलेला. ती तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि पहिल्या नोकरीत साठवलेले सगळे पैसे या एका वस्तूवर घालावेत का, या विचारात होती. वडिलांचं म्हणणं, एवढ्यात स्कूटर येते आणि वर पैसे उरतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हा कॅमेरा आला तेव्हा भारतातली किंमत १,५९,९९९ रुपये होती. झूम नाही, लेन्स बदलता येत नाही, आणि रूप साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्याचं. तरीही जगभर लोक महिनोन्‌महिने नंबर लावून थांबले. अशा मागणीला फॅशन म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला तसं करायचं नव्हतं, कारण तो बंद असतानाच मी हातात घेतला आणि लेन्सभोवतीची कडी फिरवली.

टक, टक, टक. दर तिसऱ्या टकेला एक आकडा: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडे विचित्र वाटतात, पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट आहे, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. भोकाचा व्यास १.४ पटीने घटला की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि प्रकाशही निम्मा. वरच्या डायलवरचे वेगही असेच दुपटीने जातात: १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. एकीकडे एक घर पुढे आणि दुसरीकडे एक घर मागे गेलं की फोटोचा उजेड तेवढाच राहतो. प्रकाशाचा हा हिशेब बोटांना कळावा असा धातूत कोरलेला आहे आणि कॅमेरा चालू न करताही वाचता येतो. फोनमध्ये हाच हिशेब होतो, पण तो कुणाला दिसत नाही. त्यामुळे या कॅमेऱ्याच्या जुन्या रूपातला निम्मा भाग मला नुसती सजावट वाटत नाही. डायल हे मोजमापाचं साधन आहे, आणि चांगलं साधन जुनं झालं म्हणून टाकून द्यायचं नसतं.

आमच्या घरी बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री होता. रोलवर बारा फोटो. त्याच्यावर आकडे नव्हते. ऊन आणि ढग अशी चित्रं होती. केळव्याच्या वाळूत वडील आधी आभाळाकडे बघत, मग खटका सरकवत. त्या दोन चित्रांत आणि या सात आकड्यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही.

मात्र जुन्या रूपाला चढवलेल्या किमतीबद्दल बोलायचं तर मला योशिहिसा माइतानी आठवतात. ऑलिंपसचा हा तरुण अभियंता १९५०च्या दशकाच्या अखेरीस हट्टाला पेटला होता, की कॅमेरा सहा हजार येनमध्ये मिळाला पाहिजे. त्या पैशात चांगली लेन्स बसवायची तर बाकी सगळीकडे काटकसर हवी. त्याने फिल्मची चौकटच अर्धी केली. ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो! १९५९ साली आलेला तो ऑलिंपस पेन घराघरात गेला, कारण त्यात रोलचा खर्च निम्मा होत होता. २०२५ मध्ये फुजीफिल्मने त्याच अर्ध्या चौकटीची आठवण करून देणारा एक्स हाफ काढला. उभी चौकट आहे, फिल्म पुढे सरकवायचा खटकासुद्धा आहे, आणि आला तेव्हा अमेरिकेतली किंमत ८४९ डॉलर होती. यात वाचवायला फिल्मच नाही. काटकसरीतून जन्मलेला आकार काटकसर वगळून विकला जातो, हे मला पटत नाही.

पण लोकांना मोह पडतो तो रंगांचा. एक्स१००व्हीआयमध्ये फिल्मचे २० अवतार आहेत: व्हेल्व्हिया, प्रोव्हिया, अ‍ॅक्रॉस आणि बाकीचे. "यात फिल्मचा आत्मा आहे," असं त्या फोटोग्राफरने मुलीला सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, आत्मा वगैरे नंतर बघू, आधी हे बघ की सेन्सरला रंग दिसतच नाही.

चर्चगेटला जाताना नायगाव ते भाईंदर लोकलच्या खिडकीतून मिठागरांचे चौकोन दिसतात. सेन्सर तसाच समजायचा. प्रत्येक चौकोनात प्रकाश पडेल तितके इलेक्ट्रॉन साठतात. ऑक्टोबर १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या चिपची कल्पना मांडली. तिच्यात बांध उघडून एका चौकोनातलं पाणी शेजारच्यात, तिथून पुढच्यात सोडत जायचं, आणि टोकाला एकच माणूस माप घेऊन उभा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला आमच्या तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, हा योगायोग मला फार आवडतो. त्या काळी अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्मचा तुकडा असलेला बिल्ला असे. किरणोत्सर्ग किती लागला हे ती फिल्म धुतली की तिच्या काळेपणावरून कळे. १९७५ पासून आपल्याकडे त्याची जागा टीएलडी नावाच्या, फिल्म नसलेल्या बिल्ल्याने घेतली. फिल्मला "आत्मा" चिकटवणाऱ्यांनी तिचं हे मोजणाऱ्या कामगाराचं रूपही लक्षात ठेवावं.

आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक चौकोनाला स्वतःची मापपट्टी आहे. तरी अडचण तीच. पाणी किती ते कळलं, रंग नाही कळला. इलेक्ट्रॉनला रंग नसतो.

इथे ब्राइस बायर येतात, आणि या माणसाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या बायर यांनी मार्च १९७५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला: दहा हजार ठिपके, कृष्णधवल, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. म्हणजे कॅमेरा तयार व्हायच्या आधीच बायर त्याच्या रंगांचा विचार करून मोकळे झाले होते. प्रत्येक चौकोनावर एकेका रंगाची काच ठेवायची. पण तिन्ही रंग सारखे वाटायचे नाहीत. चारांतल्या दोन काचा हिरव्या, एक तांबडी, एक निळी. कारण आपला डोळा बारकावे टिपतो ते उजेडाच्या फरकावरून, आणि उजेडाची सर्वांत जास्त जाण त्याला हिरव्याच्या आसपास असते. रंगाच्या बाबतीत तोच डोळा बराच ढिला आहे. बायर यांनी सिलिकॉनची रचना माणसाच्या डोळ्याच्या स्वभावावर बेतली.

त्याचा अर्थ हिशेबात मांडला की थक्क व्हायला होतं. एक्स१००व्हीआयच्या फोटोत सुमारे चार कोटी ठिपके. प्रत्येकाला तीन रंगांचे आकडे, म्हणजे बारा कोटी. प्रत्यक्ष मोजलेले फक्त चार कोटी! उरलेले आठ कोटी शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून काढलेला अंदाज. आपल्या फोनमधल्या प्रत्येक फोटोचीही हीच कथा आहे.

अंदाज कुठे चुकतो ते बघायला आम्ही दुपारी पालघरमार्गे सातपाटीला गेलो. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली. डोल जाळ्याचा शेवटचा भाग फार बारीक विणीचा असतो. तो एका होडीच्या कडेवर पसरला होता. मुलीने आधी फोनने फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. राखाडी जाळ्यावर गुलाबी आणि हिरवट लाटा! जाळ्याला हात लावून पाहिलं तर तिथे कुठलाच रंग नव्हता. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर पडल्या की लाटा दिसतात, तसंच हे. एक जाळं होडीवर, दुसरं सेन्सरवर. सेन्सरच्या जाळ्याला रंगीत काचा आहेत म्हणून लाटाही रंगीत. मग तिने एक्स१००व्हीआयने तोच फोटो घेतला. लाटा दिसल्या नाहीत.

बायर यांच्या रचनेत एका आडव्या ओळीत तांबड्या-हिरव्या काचा, तर दुसरीत हिरव्या-निळ्या. फुजीफिल्मने २०१२ मध्ये एक्स-प्रो१ या कॅमेऱ्यात सहा बाय सहाची रचना आणली, एक्स-ट्रान्स: ३६ पैकी २० हिरव्या, आठ तांबड्या, आठ निळ्या, आणि प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत तिन्ही रंग. फिल्मच्या कणांसारखी ही रचना विस्कळित आहे, अशी त्यामागची कल्पना. सहा-सहा घरांनी तंतोतंत पुन्हा येणाऱ्या रचनेला विस्कळित म्हणणं मला जड जातं. शिवाय चौकोन इतके बारीक झाल्यावर लाटा आपोआपच कमी होतात, त्यामुळे सातपाटीच्या फोटोचं सगळं श्रेय या रचनेला देता येणार नाही. फुजीफिल्मचेच जीएफएक्स नावाचे मोठे, महागडे कॅमेरे आजही बायर यांचीच रचना वापरतात. आणि एक्स-ट्रान्समध्येही हिरव्याचं पारडं जडच आहे. बायर यांच्याशी वाद घालतानासुद्धा त्यांचा मुख्य मुद्दा सोडता आलेला नाही.

त्यांचं पेटंट जुलै १९७६ मध्ये मंजूर झालं. सतरा वर्षांची मुदत १९९३ मध्ये संपली, तेव्हा डिजिटल कॅमेरे घराघरात पोहोचायचे होते. त्यामुळे ही रचना सगळ्यांना फुकट मिळाली. बॉइल आणि स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. बायर यांना नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, नोव्हेंबरात बायर गेले. फिल्मच्या आठवणींवर एवढी माया करणाऱ्यांना ज्याने रंग दिले त्याचं नाव माहीत नसावं, याची मला खंत आहे.

परतीच्या वाटेवर मुलीला मी माझं मत सांगितलं. डायल खरे, लेन्स खरी, चांगल्या फोनच्या जवळपास पाचपट क्षेत्रफळाचा सेन्सरही खरा; त्याचे पैसे द्यावेत. फिल्मचे अवतार म्हणजे रंगांची गणिती कोष्टकं, कुशल माणसांनी प्रेमाने बनवलेली, पण कोष्टकंच. त्यासाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत. आणि आपल्याकडचा पाऊस किमतीत धरावा. हा कॅमेरा पावसाच्या शिंतोड्यांपासून जपला जातो तो लेन्सवर वेगळी कडी आणि फिल्टर बसवल्यावर, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. दीड लाखांच्या वस्तूत त्या असायला हव्या होत्या. समुद्रकाठच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. आमच्या क्लिक थ्रीची लेन्स अशीच गेली.

"निळी सिलिका आहे की आमच्या लॅबमध्ये," ती म्हणाली. संध्याकाळी तिने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाची पुडी ठेवली, वर मऊ कापडात कॅमेरा. रात्री पाऊस आला. सकाळी कामावर जायच्या आधी ती डबा दाखवायला आली. दाणे कडेने गुलाबी झाले होते.