कोळसा न जाळता

ट्रंकेतल्या कपड्यांत आपण ठेवतो ती पांढरीशुभ्र डांबरगोळी काळ्या कोळशाचीच लेक. बंद भट्टीत, हवा न लागू देता कोळसा तापवला की कोक मागे उरतो, वायू निघतो आणि डांबरही मिळते. त्या डांबरातले नॅप्थलीन म्हणजे ही गोळी.

याच नॅप्थलीनपासून केलेली कृत्रिम नीळ जर्मनांनी 1897 साली बाजारात आणली. शेतातल्या निळीचा भाव कोसळला. चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंड लादून रयतेकडून वसूल केला. शोध प्रयोगशाळेत लागला, भुर्दंड रयतेला पडला. 1917 सालच्या सत्याग्रहामागे हेही एक कारण होते.

आज दुसरी वाट दिसते आहे. कोळशाला वाफ आणि मोजका प्राणवायू दिला की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात. त्यांतून मिथेनॉल होते, अमोनिया होतो, अमोनियातून युरिया. मात्र आपल्या कोळशात राख फार, म्हणून परदेशी भट्टी इथे जशीच्या तशी चालत नाही. कार्बन डायऑक्साइडही चुकत नाही.

सरकारचे उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला 10 कोटी टनांचे. 2024-25 साली देशात कोळसा निघाला 100 कोटी टनांहून अधिक. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा!

म्हणून चंद्रपूर-वणीच्या खाणकामगारांना आम्ही सांगतो: या वाटेचे स्वागत करा, पण तिच्यावर विसंबू नका. कारखान्याआधी आपल्या मुलांसाठी रसायनाचे शिक्षण मागा. शोधाचा भुर्दंड पुन्हा कष्टकऱ्याने का भरावा?