करिअरची पूर्वतयारी (लेखांक 7) : विंगेतली शिकवणी

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या कॉलेजांमध्ये तालमींना जोर चढतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरातल्या प्राथमिक फेरीत 51 संघ उतरतात, अंतिम फेरी गाठतात 9. ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी आणि रंगमंचावरचे चेहरे सगळ्यांच्या लक्षात राहतात. नोकरीच्या दृष्टीने मात्र खरी शिकवणी विंगेत चालते.

तिथे कुणी एक मुलगी हातात कागद घेऊन उभी असते. कोणत्या वाक्याला दिवे मंद करायचे, बेल कधी वाजवायची, कंदील कोणत्या टेबलावर हवा, सगळं त्यात टिपलेलं. आधीच्या संघाचं नेपथ्य उतरलं की यांचं चढवायचं, तेही मोजक्या मिनिटांत. भाड्याने आणलेला सोफा दारातून आत जात नाही, एक नट तापाने फणफणलेला, वर्गणीचा हिशेब अजून जुळायचाय. पुढे ती नाटकात राहीलच असं नाही. पण बँकेत गेली काय किंवा सॉफ्टवेअर कंपनीत, ठरल्या तारखेला दहा जणांचं काम एकत्र आणण्याचा सराव तिला आधीच झालेला असतो.

याच पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्याहून लांब पल्ल्याचं काम केलं. साधारण किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह त्यांनी 2008 च्या सुमारास हाती घेतला. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने तो श्रीहरिकोटाहून अवकाशात नेला. म्हणजे अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि प्रकल्प आठ वर्षांचा! सुरुवात करणारे केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. मागून येणाऱ्यांना काम कळावं म्हणून प्रत्येक तुकडीला नोंदी ठेवाव्या लागणारच. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम समजून घेऊन पुढे नेणं कोणत्याही परीक्षेत विचारत नाहीत; नोकरीत मात्र पहिल्याच दिवशी तेच पुढ्यात येतं.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे: दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पन्नास जणांच्या जेवणासाठी डाळ-तांदूळ किती लागतो, सरपंचांशी बोलायला कुणाला पाठवायचं, हे तिथे उमगतं. तास नुसते वहीत भरले, तर काहीच उमगत नाही. एनसीसीचं गणित थोडं वेगळं. तिथे कागदालाही वजन आहे. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर सैन्यदलाच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. छाननीत नाव आलं की थेट सैन्यदलाच्या निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत.

बाकी ठिकाणी प्रमाणपत्रांची फाइल जाड करण्याचा सोस व्यर्थच. पाच समित्यांमध्ये नाव आणि एकातही काम नाही, हे मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. ‘कोअर कमिटी सदस्य’ एवढंच लिहिण्याऐवजी किती जणांचा प्रवास आखला, खर्च कुठे वाढला, तो कसा आटोक्यात आणला, हे दोन ओळींत लिहिलेलं बरं. त्यासाठी कार्यक्रम संपल्यावर आठवड्याभरात टिपण करून ठेवावं. वर्षभराने आकडे आठवत नाहीत.

(पुढील आठवड्यात : इंटर्नशिप स्वीकारण्यापूर्वी काय विचारावं?)