उंट, सुईचे नेढे आणि टीकाकार

मराठीत ‘टीका’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. दोष दाखवणे हा एक आणि ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणे हा दुसरा. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. बायबलवरही अशा टीका शतकानुशतके लिहिल्या जात आहेत. त्यांचे परीक्षण लिहिताना मला दोन्ही अर्थांची गरज पडते. लेखकाने लावलेला अर्थ आधी समजून घ्यायचा आणि मग तो टिकतो का, हे तपासायचे.

धर्मग्रंथावरच्या पुस्तकाचे परीक्षण कसले करायचे, श्रद्धेने वाचावे, असे काहींना वाटते. पण मूळ ग्रंथ पवित्र मानला तरी त्यावरचे भाष्य माणसानेच लिहिलेले असते. एखाद्या उपदेशकाजवळ असे एकच पुस्तक असते आणि रविवारी तो त्यातलेच सांगतो. ऐकणाऱ्यांना ग्रीक किंवा हिब्रू येत नसते. त्यामुळे छापलेली चूक मंडळींच्या मनात सत्य म्हणून घर करते.

मोठा भाष्यग्रंथ हाती आला की मी आधी एक अवघड जागा उघडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायाचे २४वे वचन. श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नेढ्यातून उंट जाणे सोपे, अशा आशयाचे येशूचे ते बोलणे आहे. आता टीकाकार काय म्हणतो ते पाहायचे.

पुष्कळ पुस्तकांत एक गोष्ट सापडते. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचे एक छोटे दार होते. उंटाने पाठीवरचे ओझे उतरवले आणि गुडघे टेकले, की तो त्यातून कसाबसा आत जाई. गोष्ट गोड आहे आणि प्रवचनात रंगतेही. राजगडावरचे नेढे पाहिलेल्या आपल्या माणसाला ती चटकन पटेल. पण येशूच्या काळी असे दार होते याला पुरावा नाही. ही गोष्ट आढळते ती मध्ययुगातल्या टीकांपासून पुढे. दुसरे काही जण म्हणतात की ग्रीकमध्ये ‘कामेलोस’ म्हणजे उंट आणि ‘कामिलोस’ म्हणजे दोरखंड, तेव्हा मूळ शब्द दोरखंडच असावा. हा विचार जुना आहे. पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या सिरिलनेही तो मांडला होता. पण महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितांत उंटच आहे.

चांगला टीकाकार इथे थांबून मजकूर नीट वाचतो. मत्तय आणि मार्क यांनी सुईसाठी एक ग्रीक शब्द वापरला आहे, लूकने वेगळाच. ते दाराचे विशेषनाम असते तर असा बदल झाला नसता. शिवाय पुढच्याच वचनात शिष्य चकित होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? उंट गुडघे टेकून पार होत असेल तर त्यांना एवढा धक्का बसण्याचे कारण काय? यहुद्यांच्या तालमूद ग्रंथातही सुईच्या नेढ्यातून हत्ती, अशी अशक्याची प्रतिमा आहे. मग हे दार आले ते कोणाच्या सोयीसाठी? कठोर शब्द पैसेवाल्यांना सोसेल इतका सौम्य करण्याचा मोह टीकाकारालाही होतो. वाचकाचे खरे नुकसान होते ते इथे.

मग मी पुस्तकाचा काळ पाहतो. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७च्या सुमारास जुनी हस्तलिखिते सापडू लागली. त्यातली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी होती. त्याआधीच्या टीकाकाराला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. हा त्याचा दोष नाही, पण जुने पुस्तक नवे वेष्टन घालून विकले जात असेल तर परीक्षकाने ते सांगावे. लेखक कोण, हेही पाहावे. मॅथ्यू हेन्रींचे भाष्य आजही घरोघरी वाचले जाते. ते १७१४ साली वारले तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतचेच काम झाले होते. रोमकरांस पत्रापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग इतर धर्मोपदेशकांनी पुरा केला. तरी त्यातला मजकूर सर्रास हेन्रींच्या नावावर खपतो.

भक्तिपर पुस्तकाकडून मी व्याकरणाची अपेक्षा करत नाही. दिवसभराच्या कामानंतर चार ओळी वाचून कोणाला धीर येत असेल तर ते पुस्तक आपल्या जागी मोलाचे आहे. अट एकच. मूळ वचन काय सांगते आणि लेखकाला काय वाटते, हे वाचकाला वेगवेगळे दिसले पाहिजे. ‘असे दिसते’ आणि ‘काहींचे मत वेगळे आहे’ म्हणणारा लेखक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या आपणही हे करू शकाल. मत्तयाचा १९वा अध्याय उघडा आणि ते दार आहे का ते बघा. असलेच, तर ते कोणत्या पुराव्यावर उभे केले आहे, तेवढे जरूर वाचा.