मुखविद्राव्य औषधी पटले

तोंडातील लाळेने विरघळून आपल्यातील औषध मोकळे करणाऱ्या, टपाल तिकिटाएवढ्या पातळ व लवचिक पापुद्र्यांस मुखविद्राव्य औषधी पटले म्हणतात. त्यांची जाडी सामान्यतः ०·०५ ते ०·१५ मिमी. असते. ती पाण्याशिवाय घेता येतात. त्यामुळे लहान मुले, वृद्ध, तसेच गिळण्यास त्रास होणारे किंवा वारंवार वांत्या होणारे रुग्ण यांना ती सोयीची ठरतात.

घडण : पटलाचा मुख्य घटक जलविद्राव्य बहुवारिक असतो, उदा., हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिल सेल्युलोज किंवा कवकापासून मिळणारे पुलुलान. लवचिकतेसाठी ग्लिसरीन, तर लाळ सुटावी म्हणून सायट्रिक अम्ल घालतात. औषधासह केलेले द्रावण सपाट पृष्ठावर पसरून सुकवितात आणि त्याचे ठराविक आकाराचे तुकडे कापून ते आर्द्रतारोधक वेष्टनात बंद करतात. थराची जाडी कमीजास्त झाल्यास औषधाची मात्राही बदलते; म्हणून निर्मितीत जाडीवर काटेकोर नियंत्रण ठेवावे लागते.

कार्य : पटल तोंडात विरघळले म्हणजे औषध तोंडातूनच रक्तात गेले, असे नव्हे. जिभेवर ठेवलेल्या पटलातील औषध बहुधा लाळेबरोबर गिळले जाते व गोळीप्रमाणेच आतड्यातून शोषले जाते. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेले ऑनडॅन्सेट्रॉन या वांतीरोधक औषधाचे पटल या प्रकारचे आहे. याउलट जिभेखाली वा गालाच्या आतील बाजूस ठेवावयाच्या पटलातील औषध श्लेष्मकलेतून सरळ रक्तात शिरते व यकृतात होणारा प्रारंभिक ऱ्हास टळतो. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फीन व नॅलोक्सोन यांचे पटल (अमेरिकेतील मान्यता २०१०) असे कार्य करते. ब्युप्रेनॉर्फीन गिळल्यास त्याचा बराचसा भाग वाया जातो. म्हणून हे पटल चघळू वा गिळू नये, ते पूर्ण विरघळू द्यावे लागते.

मर्यादा : पटल लहान असल्याने त्यात थोडेच औषध मावते. त्यामुळे मोठ्या मात्रेत द्यावयाच्या औषधांना ते उपयोगी नाही. कडू औषधाची चव झाकणे कठीण जाते आणि दमट हवेत पटले चिकट होतात. तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फीनमुळे दात किडणे, जंतुसंसर्ग होणे अशा तक्रारी आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला. औषध पूर्ण विरघळल्यावर पाण्याचा घोट तोंडात हलकेच फिरवून गिळावा व त्यानंतर किमान १ तास दात घासू नयेत, असे त्यात सुचविले आहे. व्यसनमुक्तीस या औषधाचा होणारा लाभ मात्र या धोक्याहून मोठा असल्याचेही त्यात स्पष्ट केले आहे.