टाकी भरल्यानंतर येणारा पेट्रोलचा वास

मोटारीची टाकी भरून घेतल्यानंतर थोडा वेळ पेट्रोलचा वास यावा, हा बहुतेक मोटारचालकांचा नेहमीचा अनुभव आहे. काही जण त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण घाबरून जातात. परंतु दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा होणारा वास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच जाणवणारा वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बहुधा सांडलेल्या थेंबांचा असतो. दुसरा मात्र गळतीची सूचना देतो. ही गळती शोधण्यासाठी वास केव्हा येतो आणि टाकीत किती पेट्रोल असताना येतो, हे दोन प्रश्न प्रथम विचारावे लागतात.

पेट्रोल अत्यंत बाष्पनशील आहे. शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले, की एखादी ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. शिवाय पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात बेंझीन असते आणि ते कर्करोगकारक आहे. म्हणूनच बंद मोटारीत टिकून राहणारा वास केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे.

टाकी ही पूर्णपणे बंद पेटी असते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः टाकीला श्वास घ्यावा लागतो. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. २५ अंशांचे ४० लिटर पेट्रोल ४५ अंशांपर्यंत तापले, तर त्याचे आकारमान सुमारे पाऊण लिटरने वाढते. यासाठी टाकीच्या वरच्या भागात थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. तेथे साचणारी वाफ एका नळीने कोळशाच्या डब्याकडे जाते. कारागीर त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यातील सक्रियित कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाल्यावर एक झडप उघडून ती वाफ इंजिनात जळण्यासाठी ओढली जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली नव्या मोटारींतून होणाऱ्या अशा बाष्पीभवनावर नियंत्रण सक्तीचे केले. आज भारतातील पेट्रोल मोटारींतही ही योजना असते.

ही व्यवस्था बिघडण्याचे एक कारण मात्र चालक स्वतःच निर्माण करतो. पंपावरील नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोलची पातळी तेथवर पोचली, की नळी आपोआप बंद होते. तरीही रक्कम पूर्णांकात यावी किंवा टाकी काठोकाठ भरावी, म्हणून आणखी पेट्रोल घातले जाते. मग रिकामी जागा उरत नाही आणि वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कोळशात शिरते. भिजलेला कोळसा वाफ धरू शकत नाही. तेव्हा वास तर येतोच, शिवाय टाकी भरल्यानंतर इंजिन सुरू होण्यासही वेळ लागतो.

आता निदानाकडे वळू. टाकी भरलेली असताना वास येत असेल आणि ती निम्मी झाल्यावर थांबत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात असतो. प्रथम झाकण पाहावे. त्याची रबरी कडी चिरलेली अथवा कडक झालेली असेल, तर झाकण बदलणे हा स्वस्त उपाय आहे. त्यानंतर भरण्याची नळी, तिच्या जोडाच्या पट्ट्या आणि वाफेची नळी तपासून घ्यावी. मागच्या आसनाजवळ वास अधिक असेल, तर पेट्रोल पंपाच्या वरच्या झाकणाखालील रबरी कडीचा संशय घ्यावा. अनेक मोटारींत हा पंप त्या आसनाखालीच टाकीत बसवलेला असतो. टाकीत पेट्रोल कमी असतानाही वास येत असेल, तर इंजिनापर्यंत जाणारी नळी, तिचे जोड किंवा टाकीचा तळ गळत असण्याची शक्यता असते. बॉनेटपाशी वास तीव्र असेल, तर इंजेक्टरजवळील कड्या पाहाव्या लागतात.

भारतात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या मोटारींतील काही प्रकारचे रबर त्यामुळे फुगते किंवा झिजते. म्हणून जुन्या मोटारींच्या नळ्या आणि कड्या अधिक वेळा तपासणे इष्ट ठरते.

झाकण बदलणे कोणासही जमेल. परंतु टाकीचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. रिकामी टाकी निर्धोक असते, ही समजूत घातक आहे. तिच्यात उरलेल्या वाफेत हवा मिसळल्यामुळे डाग देताना किंवा वेल्डिंग करताना तिचा स्फोट होऊ शकतो. गळती शोधण्यासाठी काडी पेटवणे तर सर्वथा वर्ज्य आहे. मोटारीखाली ओल दिसली, तर इंजिन किंवा दिवे चालू न करता आतील माणसांना प्रथम बाहेर काढावे, जवळपास आग किंवा ठिणगी येऊ देऊ नये आणि मोटार ढकलून मोकळ्या जागी न्यावी.

पंपाची नळी पहिल्यांदा बंद होताच थांबणे, हा यावरचा सर्वांत सोपा प्रतिबंध होय. टाकीत वर राहणारी ती थोडी जागा वाया गेलेली नसते. मोटारीत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठीच ती राखलेली असते.