बाणाचा फाळ किती वजनाचा असावा?

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीस बंदी घातलेली आहे; तेव्हां बाणानें हरिण मारण्याचा प्रश्न येथें केवळ जिज्ञासेचा होय. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार सरकारी परवान्यानें दर वर्षीं चालते, आणि तींत क्रॉसबो या आयुधाचाही उपयोग होतो. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. दोरी ओढून अडकवावयाची, आंखूड बाण खोबणींत ठेवावयाचा आणि घोडा दाबावयाचा, कीं बाण सुटतो. बाणाच्या टोंकास धारदार पात्यांचा जो फाळ बसवितात, त्याला तिकडे ब्रॉडहेड म्हणतात.

फाळाचें वजन ग्रेनमध्यें सांगतात. इकडील जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होत. बाजारांत बहुधा १००, १२५ व १५० ग्रेनचे फाळ मिळतात. म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडें अधिक ते पाऊण तोळ्याहून थोडें अधिक, एवढेंच अंतर. तें क्षुल्लक वाटतें, पण तसें नाहीं. फाळ हा कापून मारतो. त्यानें फुप्फुसें व मोठ्या रक्तवाहिन्या छेदल्या, तर हरिण लवकरच कोसळतें. तोच बाण थोडा मागें, पोटांत लागला, तर तें दूर पळून जातें आणि कित्येक तास तडफडत राहतें. एका मुक्या प्राण्याच्या यातना या निवडीवर अवलंबून असल्यामुळें तिचा विचार नीट केला पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, फाळाचें वजन एकटें पाहूं नये. दांडी, पिसें, मागील खांच आणि फाळ यांचें एकूण वजन पाहावें. क्रॉसबोबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत बाणाचें किमान वजन दिलेलें असतें. त्याहून हलका बाण वापरल्यास धनुष्याची सगळी शक्ति बाणांत उतरत नाहीं. उरलेल्या शक्तीचा हादरा भुजांना व दोरीला बसतो. बाणावांचून दोरी सोडली असतां भुजा तडकतात, त्याचाच हा सौम्य प्रकार होय. वजन कमी भरत असेल, तर जड फाळ घेणें हा सोपा उपाय आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. ४०० ग्रेनचा बाण सेकंदास ३५० फूट वेगानें सुटतो असें समजूं. फाळ १०० ऐवजीं १२५ ग्रेनचा घेतला आणि धनुष्याची शक्ति तीच राहिली, तर वेग सुमारे ३४० फुटांवर येतो. हवेचा अडथळा सोडून हिशेब केल्यास ४० यार्डांवर बाण सुमारे दीड इंच अधिक खालीं लागतो. उलटपक्षीं त्याचा संवेग सुमारे तीन टक्क्यांनीं वाढतो. मांसांत व हाडांत शिरण्यास तो उपयोगी पडतो. म्हणजे जड फाळ सर्वस्वीं चांगला किंवा वाईट असें नसून, एक लाभ घेण्यासाठीं दुसरा थोडा सोडावा लागतो.

तिसरी गोष्ट तोलाची. फाळ बसवून बाण बोटावर तोलावा. फाळ वगळून २० इंच लांब असलेल्या बाणाचा तोल मध्यापासून ३ इंच पुढें पडला, तर तें प्रमाण १५ टक्के झालें. सामान्यतः १० ते १५ टक्के योग्य मानतात. तोल फार मागें असला तर बाण हेलकावतो. फार पुढें असला तर दूरच्या पल्ल्यावर त्याचें नाक लवकर खालीं वळतें.

शेवटची गोष्ट प्रत्यक्ष परीक्षेची. सरावाचें साधें टोंक आणि फाळ सारख्याच वजनाचे असले, तरी दोन्ही एकाच ठिकाणीं लागतील असें नाहीं. कारण स्थिर पात्यांवर वारा धरतो, आणि वेग जितका अधिक तितका हा दोष वाढतो. आघातानंतर उघडणाऱ्या पात्यांचे फाळ अधिक सरळ जातात, परंतु उघडण्यांत त्यांची कांहीं शक्ति खर्च होते. म्हणून ज्या फाळानें शिकार करावयाची, त्याच जातीच्या फाळानें २०, ३० व ४० यार्डांवर नेम तपासावा. पुस्तिकेंतील किमान वजन पाळून जो फाळ या तिन्ही अंतरांवर एकाच जागीं वारंवार लागतो, तोच त्या धनुष्याला योग्य. मग तो १०० ग्रेनचा असो वा १२५ ग्रेनचा. एकदां ठरला म्हणजे त्या हंगामांत बदलूं नये, आणि बदललाच तर नेम पुन्हां तपासल्यावांचून रानांत जाऊं नये.