नांवांच्या वहीचें स्थलांतर

जुन्या कुटुंबांतून पत्त्यांची एक वही असे. एरवीं तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पण घरांत कार्य निघालें, कीं देवांच्या खालोखाल तिचीच आठवण होई. शिरूरास घोडनदीच्या काठीं आमचें मूळ घर आहे, तेथें अशी एक वही लाल बासनांत अद्यापि आहे. तींत दौंडच्या आत्याबाईंचे तीन पत्ते आहेत: पहिला रेल्वेच्या चाळीचा, दुसरा भाड्याच्या बिऱ्हाडाचा आणि तिसरा स्वतःच्या घराचा. पहिले दोन एकेका रेघेनें खोडलेले, परंतु वाचतां येण्याजोगे. खोडलेलें वाचतां यावें, हा त्या वहीचा केवढा गुण होता, तें आम्हांस गेल्या वर्षीं कळलें.

गेल्या वर्षीं दौंडास आत्याबाईंच्या नातवाची मुंज ठरली. पत्रिका छापून आल्या, आणि आमंत्रणें करावयास बसलेल्या आत्याबाईंनीं शिरूरास फोन केला. आमचा क्रमांक तेवढा त्यांस तोंडपाठ होता. "अरे, माझ्या फोनमधलीं माणसें गेलीं कोठें?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न. पाहतों तों पावणेदोनशें नांवें नाहींशीं झालेलीं!

शोध करतां कारण घरांतच सांपडलें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका उत्साही पुतण्यानें शिरूर व दौंड मिळून चार फोनांस एकच ई-मेल खातें जोडून दिलें होतें. एकानें लिहावें व सर्वांस मिळावें, हा हेतु उत्तमच होता. पुढें आमच्या धाकट्या सूनबाईंनीं एका दुपारीं आपल्या फोनमधलीं अनोळखी नांवें काढून टाकलीं. आपण आपलें कपाट आवरीत आहों, असें त्यांस वाटलें. प्रत्यक्षांत रिकामें झालें तें आत्येसासूबाईंचें कपाट.

येथें प्रत आणि प्रतिबिंब यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. एका वहीवरून दुसरी उतरून काढली, तर पहिली जळाली तरी दुसरी राहते. ती प्रत होय. परंतु आरशांत दिसणारें कुंकू कपाळावरचें पुसतांच नाहींसें होतें. एका खात्यास जोडलेले फोन हे असे आरसे आहेत. त्यांपैकीं कोठेंही नांव लिहिलें कीं सर्वत्र उमटतें, आणि कोठेंही पुसलें कीं सर्वत्र पुसलें जातें. फोनवाले यास समकालन म्हणतात. तें सोयीचें आहे. पण त्यास जतन समजणें ही मोठी चूक होय.

सुदैवानें गूगलच्या खात्यांतून काढलेलीं नांवें एका केराच्या कप्प्यांत 30 दिवस राहतात. सूनबाईंच्या आवराआवरीस त्या दिवशीं 26 दिवस झाले होते. नांवें परत मिळालीं, आणि त्याच सायंकाळीं प्रत्येकाचें खातें निराळें करण्याचें ठरलें. तें करतांना जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम, प्रत्येक नांवाचें बिऱ्हाड पाहावें. पडद्यावर सारीं नांवें एका पंक्तीस बसलेलीं दिसलीं, तरी कांहीं सिमकार्डावर, कांहीं फोनच्या पोटांत आणि कांहीं ई-मेल खात्यांत असतात. सिमकार्डावर साधारणतः 250 च्या आसपास नांवें मावतात, तींही क्रमांकापुरतीं. घरचा पत्ता तेथें राहत नाहीं. फोनच्या पोटांतलीं फोनबरोबर बुडतात. खात्यांतलीं मात्र फोन बदलला तरी मागोमाग येतात.

दुसरें, खरी प्रत काढावी. संपर्कांच्या यादींत 'निर्यात' ही आज्ञा दिली, कीं सर्व नांवांची एक फाइल तयार होते. व्ही-कार्ड नांवाचा प्रकार भेटपत्रांच्या जुडग्यासारखा असून तो गूगल व ॲपल या दोघांसही समजतो. सीएसव्ही हा दुसरा प्रकार म्हणजे स्वल्पविरामांनीं पाडलेला तक्ता. हा तक्ता हिशेबाच्या पानांत उघडून पुन्हां जतन करूं नये. आम्हीं तें केलें, आणि आत्याबाईंच्या विहीणबाईंच्या देवनागरी नांवाच्या जागीं चित्रविचित्र खुणा उमटल्या! मूळ फाइल निराळी ठेविली होती, म्हणून निभावलें.

तिसरें, नव्या खात्याचें संपर्कांचें पान संगणकावर उघडून ती फाइल 'आयात' करावी. गूगल अशा नांवांस आयातीच्या तारखेची चिठ्ठी लावितें, त्यामुळें चुकलें तर नेमकीं तींच शोधतां येतात. मग फोनमध्यें तें खातें जोडावें. आयफोनवर खातें जोडल्यावर 'संपर्क' ही कळ सुरू आहे ना, तें पाहावें. पुढें यंत्र दुबार नांवें एकत्र करण्याचें सुचवितें. तेथें घाई करूं नये. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आहे, आणि यंत्रास त्यांतली पिढी कळत नाहीं. याच बैठकींत क्रमांकही नीट करावे. दौंडच्या जुन्या तारेच्या फोनांपुढें 02117 व शिरूरच्यांपुढें 02138 नसेल, तर तो क्रमांक परगांवीं निरुपयोगी. मोबाईलच्या आधीं +91 असेल, तर तो परदेशांतील मुलांसही चालतो.

दोन्हींकडील नांवें मोजून जुळलीं, म्हणजेच जुनें सामायिक खातें फोनमधून उतरवावें. खातें उतरविल्यानें त्यांतलीं नांवें पुसत नाहींत. नांवें निवडून काढलीं, तर मात्र पुसतात.

आणखी एक. घरांतलें वडील माणूस निवर्तलें, कीं त्याच्या खात्याकडे कोणी पाहत नाहीं. दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें गूगल काढून टाकूं शकतें, आणि त्याबरोबर तीन पिढ्यांचा गोतावळाही जातो. म्हणून वडिलांच्या हयातींतच, त्यांस विचारून, एक प्रत काढून ठेवावी. दुसऱ्यांचे क्रमांक ही आपल्याकडील ठेव आहे. ती दुकानदाराच्या हवालीं न करतां घरच्याच माणसाच्या हातून हलवावी.

मुंज यथासांग झाली. सूनबाई मात्र फार दिवस खट्टू होत्या. आत्याबाईंनींच त्यांस जवळ बोलावून आपली यादी वाचून दाखविली, आणि कोण कोणाचें कोण तें सांगितलें. अनोळखी म्हणून पुसलेल्या नांवांपैकीं निम्मीं सूनबाईंच्या लग्नांत अक्षता टाकून गेलेलीं होतीं. आतां दर दिवाळीस त्याच यादी छापून काढतात व लाल बासनांत ठेवितात.